लोकर सोसत नाही, पण १९४०च्या धाटणीचा सूट शिवायचाय. कापड कोणतं घेऊ?

मंडळी, मदत हवी आहे.

हौस म्हणून माझे कपडे मीच शिवते. शर्ट, फ्रॉक, साध्या पँटी करून झाल्या. आता १९४०च्या दशकातला सूट डोक्यात बसलाय: भरीव खांदे, कमरेला नेमकं बसणारं जॅकेट आणि उंच कमरेची, पुढे दोन-दोन प्लीट असलेली ढगळ पँट. या धाटणीचा जुना कुठलाही पॅटर्न उघडला की कापडाच्या रकान्यात पहिला शब्द लोकर. आणि माझं घोडं तिथेच पेंड खातं.

मागे ट्वीडची (जाड, खरखरीत लोकरी कापडाची) पँट शिवली होती. दोन तासांत मांड्यांवर लाल चट्टे उठले, रात्रभर खाजवत बसले. आतून पातळ सुती पायजमा घालून पाहिला तर प्लीट फुगून बसल्या. त्वचेच्या डॉक्टरांचं म्हणणं, ही ॲलर्जी वाटत नाही, हे नुसतं टोचणं आहे. लोकरीचा तंतू साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर जाड असला की त्याचं टोक त्वचेला लागल्यावर वाकत नाही, सुईसारखं रुततं. असे जाड तंतू कापडात शंभरात पाच असले तरी खुपायला पुरतात. त्या हिशोबाने १७-१८ मायक्रॉनची मेरिनो (बारीक तंतूंची मऊ लोकर) चालायला हवी. मफलर म्हणून चालतेही, पण घाम आला की तीही चावते. पँटीत घाम येणारच. तेव्हा ‘चांगल्या प्रतीची लोकर घेऊन बघा’ हा सल्ला कृपया नको, तो सगळ्यांनी देऊन झालाय.

आतापर्यंतचे उद्योग: शर्टाच्या लिननचं (चौरस मीटरला १५० ग्रॅम असेल) एक जॅकेट करून पाहिलं. लेपल (कॉलरखाली छातीवर दुमडलेला भाग) तासाभरात मरगळले. पॉलिस्टर-व्हिस्कोजचं सूटिंग टोचत नाही, पण शिवणीवर इस्त्री फिरली की चकाकतं आणि आत उकडतं. आता डोळ्यासमोर तीन कापडं आहेत: ३०० ग्रॅमच्या आसपासचं जाड लिनन, सुती गॅबर्डिन (तिरप्या विणीचं घट्ट कापड) आणि रेयॉन गॅबर्डिन. रेयॉनला नाक मुरडणाऱ्यांसाठी आधीच सांगते, ते त्या काळाशी अगदी इमान राखून आहे. युद्धात लोकर गणवेशांकडे वळली होती, इंग्लंडमध्ये जून १९४१पासून कपडे कूपनवर मिळत होते, आणि रोजच्या कपड्यांत रेयॉन सर्रास होतं.

खरी धास्ती कापडाच्या वागण्याची आहे. लोकर वाफेने आकसते, ताणते, मुंढ्यात (बाही जोडतात त्या घेरात) बाहीचं जास्तीचं कापड मुकाट जिरवते. सुती कापड असलं काही ऐकून घेत नाही. मग तो गोल, भरलेला खांदा आणायचा कसा?

प्रतिसाद

कापडाचं नंतर बघू. आधी सांगा, खाज नेमकी कुठे येते? पँटीचं समजलं. जॅकेटचं काय? पूर्ण अस्तर असलेलं लोकरी जॅकेट कधी घातलंय का?

धागाकर्ती

घातलंय, मैत्रिणीचं, काळ्या अस्तराचं. मानेवर मागच्या बाजूला भयंकर टोचलं. काखेतही खाजत होतं, ते दोन दिवस राहिलं. आता तुम्ही विचारलंत म्हणून लक्षात येतंय, काखेत तर लोकर अंगाला लागतच नव्हती!

प्रतिसाद

तेच म्हणायचं होतं. मानेचा गुन्हेगार म्हणजे कॉलरच्या खालच्या बाजूला लावतात ते फेल्ट (तंतू दाबून केलेलं जाड कापड). ते बहुधा लोकरीचं असतं. तुम्ही लिननचा सूट केलात आणि सवयीने तेच फेल्ट लावलंत तर मान पुन्हा लाल. खालची कॉलर त्याच लिननची, उरेब (तिरपी) कापून लावा. छातीच्या कॅनव्हासमध्येही (आकार टिकावा म्हणून आतून लावतात ते ताठ कापड) बकरीचे किंवा घोड्याचे केस असतात आणि त्यांची टोकं अस्तरातून डोकावतात. सुती किंवा लिननचा कॅनव्हास घ्या, थोडा मऊ पडेल, पण चालतो.

काखेचं प्रकरण मात्र वेगळं वाटतंय. गडद रंगाच्या पॉलिस्टर आणि ॲसिटेट अस्तरांत डिस्पर्स रंग वापरतात, त्यातले काही निळे रंग ॲलर्जीसाठी चांगलेच कुप्रसिद्ध आहेत. घामाबरोबर ते सुटतात. दोन दिवस टिकलेली खाज हे टोचण्याचं लक्षण नव्हे. डॉक्टरांना पॅच टेस्टबद्दल (त्वचेवर पट्टी लावून ॲलर्जी कशाची ते बघतात ती चाचणी) विचारा आणि अस्तरासाठी क्युप्रो बघा. कापसाच्या सरकीवरच्या आखूड तंतूंपासून बनतं, घाम शोषतं, बाही सरसर आत जाते. ‘चुरगळत नाही’ असं लिहिलेलं सुती कापडही टाळा, त्यावर बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइडवाल्या रेझिनचा हात फिरलेला असतो.

आणखी एक प्रतिसाद

खांद्याबद्दल. लोकरीच्या पॅटर्नमध्ये बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा चारेक सेंटिमीटर जास्त असतो. सुती गॅबर्डिनसाठी मी तो दोनवर आणते, नाहीतर चुण्या पडतात. गोलाई आणायला बाहीच्या माथ्याला आतून सुती फ्लॅनेलची उरेब पट्टी दुहेरी करून लावते. इस्त्रीने जो आकार आला असता तो डार्टमध्ये (आकारासाठी घेतलेल्या टोकदार चिमटीत) आणि शिवणीत घालायचा, एवढं मान्य केलं की निम्मं भांडण मिटतं.

पँट आणि जॅकेट एकाच कापडाचं हवंच का? माझं मत, लिननची पँट करू नका. गुडघे फुगतात आणि बसून उठलं की मागचा भाग लोंबतो. पँटीला सुती गॅबर्डिन, जॅकेटला जाड लिनन. रेयॉन पडतं सुरेख, पण ओलं झालं की ताकद जाते, आटतंही. कापण्याआधी एक तुकडा मोजून धुऊन बघा. आणि मोलस्किन विसरलात! सुती असून हाताला लोकरी फ्लॅनेलसारखं लागतं. त्याला लव असते, सगळे भाग एकाच दिशेने कापा, नाहीतर एक पाय गडद आणि एक फिका दिसेल. (मी केलंय. फोटो मागू नका.)

धागाकर्ती

फेल्टचं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी इतकी वर्षं नुसत्या वरच्या कापडालाच शिव्या घालत होते. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोवर अस्तर विकत घेणार नाही. जॅकेटला जाड लिनन नक्की, पँटीला गॅबर्डिन की मोलस्किन ते तुकडे हातात आल्यावर ठरवते. आता फक्त एक सांगा: इतक्या जाड लिननच्या लेपलला सुती कॅनव्हास हाताने टाचताना टाके किती जवळ घेता? लोकरीत टाका बुडून जातो, लिननवर तो समोरून टिपक्यासारखा दिसेल अशी भीती वाटतेय.