कान्हेरी विसरू नका

वर एकाने लिहिलंय की लेणी बघायची तर अजिंठा-वेरूळच गाठावं, मुंबईत बघण्यासारख्या त्या इंग्रजांच्या इमारती. हे मला अजिबात पटलं नाही. घारापुरी सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे थांबत नाही. पण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीला जा आणि ३ क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनेचं दालन, सावकाश बघा. तिथे यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचा उल्लेख असलेला शिलालेख आहे, म्हणजे मूळ काम इसवी सनाच्या २ऱ्या शतकातलं. दर्शनी भिंतीवर दात्यांची जोडपी कोरली आहेत, ठसठशीत दागिने घातलेली. त्याच व्हरांड्याच्या दोन टोकांना सुमारे ७ मीटर उंचीचे बुद्ध उभे आहेत, ते मात्र काही शतकांनंतरचे. चार पावलांत शैली कशी पालटते बघा! आत काही खांबांवर घट आणि हत्ती आहेत, बाकीचे साधे अष्टकोनीच राहून गेलेत.

४१ क्रमांकात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे, तोही चुकवू नका.

मला स्वतःला सगळ्यात भावतं ते पाण्याचं काम. लेण्यांशेजारी टाकी खोदली आहेत आणि उतारावरच्या कातळात बारीक पन्हळी कोरून पावसाचं पाणी त्यांत वळवलंय. एखादी पन्हळ वरून खालपर्यंत नजरेने धरत या. डोंगर आधी वाचला, मग छिन्नी लावली, हे लगेच कळतं. नक्षीइतकीच ही अक्कलही स्थापत्यात मोजली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं बघून निघा.