कथेतल्या नाठाळ घोड्याला वठणीवर आणायलाच हवं का?

रानवाट (धागा सुरू करताना)

गेलं वर्षभर मी मराठी फौजेतल्या एका बारगिरावर, म्हणजे पागेच्या घोड्यावर बसणाऱ्या स्वारावर, दीर्घकथा लिहिते आहे. काळ अठराव्या शतकाचा पूर्वार्ध. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असायचा. बारगिराला पागेतून जो मिळेल तो घ्यावा लागायचा. माझ्या बारगिराच्या वाट्याला एक चावरी घोडी आली आहे. खोगीर चढवताना दात लावते, रिकिबीत पाय ठेवला की गोल फिरते, ओढ्याशी आली की अडते. कथा संपेपर्यंत ती तशीच राहते. हस्तलिखित दोघांनी वाचलं आणि दोघांनीही तेच सुचवलं: शेवटी तरी ती त्याला वश झालेली दाखव, नाहीतर ठेवलीस कशाला?

मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की कथेतलं नाठाळ जनावर बहुतेकदा जनावर नसतंच, ते नायकाला द्यायचं प्रशस्तिपत्र असतं. घोडा दहा जणांना पाडतो, अकराव्याला पाठीवर घेतो, आणि हा अकरावा कोण ते वाचकाला कळतं. तिथून पुढे घोड्याचा स्वभाव गायब. उरलेली चारशे पानं तो नुसता दौडतो. सिकंदराच्या ब्युसेफॅलसची गोष्ट हा याचा मूळ साचा. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतले घोडे आठवून बघा. रंग असतो, नाव असतं, स्वामिनिष्ठा असते, धनी पडल्यावर डोळ्यांत पाणीही असतं. पण एखाद्या सकाळी लगाम तोंडात घ्यायला नकार देणारा घोडा? मी शोधला, मला सापडला नाही.

आपल्याकडे याची मुळं फार जुनी असावीत. कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. ज्याचं मन ताब्यात नाही त्याची इंद्रियं सारथ्याच्या दुष्ट घोड्यांसारखी होतात, असं तिथे म्हटलं आहे. उपमा थोरच आहे. पण एकदा घोडा म्हणजे इंद्रिय झालं की त्याला आवरण्यापलीकडे त्याच्याशी दुसरं काही करायचं उरत नाही. त्याचं काय म्हणणं आहे हे विचारायची सोयच नाही.

याच्या उलट मला फिरदौसीच्या शाहनामा या फारसी महाकाव्यातला रख्श, म्हणजे वीर रुस्तुमचा घोडा, जवळचा वाटतो. रुस्तुम घोडा निवडताना एकेकाच्या पाठीवर पंजा दाबतो आणि एकेक घोडा जमिनीला टेकतो. रख्श टेकत नाही. हे पुन्हा प्रशस्तिपत्रच, कबूल. पण फिरदौसी तिथे थांबत नाही. सात संकटांच्या वाटेवर रात्री अजगर येतो तेव्हा रख्श झोपलेल्या रुस्तुमला उठवतो. अजगर अंधारात नाहीसा होतो, आणि झोपमोड झाली म्हणून रुस्तुम आपल्याच घोड्याला मारून टाकायची धमकी देतो. पुढे शेवट तर काळीज हलवणारा. सावत्र भाऊ शघाद शिकारीच्या रानात खड्डे खणून त्यांत भाले-तलवारी उभ्या करून ठेवतो. रख्शला ताज्या उकरलेल्या मातीचा वास येतो. तो अंग आखडतो, पाऊल टाकायला तयार होत नाही. रुस्तुम चिडतो, हलकासा चाबूक लावतो. दोघेही खड्ड्यात.

आयुष्यभर साथ दिलेला घोडा त्या एका क्षणी ‘नाठाळ’ ठरतो, आणि त्या क्षणी खरं फक्त त्यालाच कळलेलं असतं. मला असं जनावर हवं आहे. तुम्हाला काय वाटतं?

ताशीव

ठाम असहमत. ब्युसेफॅलसची गोष्ट तुम्ही साच्यात कोंबली, ती तशी नाही.

प्लुटार्कने ती घटनेनंतर चारशेहून अधिक वर्षांनी लिहिली, त्यामुळे खरंखोटं बाजूला ठेवू. गोष्ट म्हणून बघा. थेसलीचा व्यापारी घोड्याचे तेरा टॅलेंट, म्हणजे त्या काळी प्रचंड रक्कम, मागतो. घोडा कुणालाच जवळ येऊ देत नाही. सिकंदराचा बाप राजा फिलिप म्हणतो, घेऊन जा. तेवढ्यात पोराच्या लक्षात येतं की घोडा स्वतःच्या सावलीला बुजतोय. तो त्याचं तोंड सूर्याकडे वळवतो, थोडा वेळ बाजूने चालतो, अंगरखा टाकतो आणि मग मांड घालतो. यात दमदाटी कुठे आहे? बाकी सगळे घोड्याच्या खोडीकडे बघत होते, या मुलाने घोडा जिकडे बघत होता तिकडे पाहिलं. तुम्हाला जे हवं आहे तेच इथे आहे.

आणि घोडा वठणीवर येणं याला तुम्ही पराभव का समजता? विराटपर्वात नकुल ग्रंथिक नाव घेऊन अश्वशाळेत राहतो. घोड्यांचा स्वभाव, त्यांना शिकवणं, दुष्ट घोड्यांना सुधारणं आणि त्यांची चिकित्सा, हे सगळं मला येतं असं तो सांगतो. हे चारही एका दमात येतात. महाभारतकाराला शिकवणं आणि औषध देणं यांत विरोध दिसला नाही, तुम्हाला का दिसावा? बारगीर आणि घोडी सहा महिने एकत्र कूच करतात आणि दोघांत काहीच बदलत नाही, हे मला पटणार नाही. ती तुमची हट्टाने ठेवलेली घोडी होईल.

जुनी पागा

मी घोड्यांत वाढलो. आजोबा आणि वडील दोघेही दर दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे घेऊन जायचे. तापीकाठचा तो बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, गिऱ्हाईक आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतो, मग दात, मग चाल. अमुक ठिकाणी भोवरा म्हणजे घोडा धन्याला खाणार, असं म्हणून चांगली चांगली जनावरं पडेल भावात जाताना मी पाहिली आहेत. म्हणून सांगतो, ‘नाठाळ’ हा शब्द जपून वापरा. आमच्याकडे एक घोडा लगाम घालू देत नसे. दोन धन्यांनी त्याला मारून पाहिलं होतं. वडिलांनी जबडा उघडून बोट फिरवलं, तर पहिल्या दाढेपुढे एक बारका जादा दात, आणि लोखंड नेमकं त्यावर घासायचं. दात काढला आणि आठवड्याभरात घोडा निवळला.

ब्युसेफॅलसबद्दलही एक. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. न दिसणारी एक चिंचोळी पट्टी शेपटीमागे, आणि थोडी कपाळासमोर, नाकाखाली. सूर्य सरळ समोर आला की सावली पडते ती नेमकी मागच्या पट्टीत. ज्याने कुणी ही गोष्ट रचली त्याला घोडा माहीत होता.

ॲना स्यूएलच्या ‘ब्लॅक ब्यूटी’त (१८७७) जिंजर नावाची घोडी आहे. ती चावते, म्हणूनच तिचं ते नाव. नंतर ती स्वतःच सांगते की तिला कसं दांडगाईने तयार केलं, मग मान उंच दिसावी म्हणून आखूड लगामात कसं जखडलं. लहानपणी वाचलं तेव्हा मी घरात कुणाशी बोललो नव्हतो. रानवाट, तुमच्या घोडीला कारण द्या. खोगिराखाली चिघळलेला घाव द्या. मोहिमेवरच्या निम्म्या घोड्यांना तो असणारच. मग ती सुधारो न सुधारो, वाचक तिच्या बाजूने उभा राहील.

काळी चार

नका देऊ कारण.

जुनी पागा, तुमच्या अनुभवापुढे मी काही नाही, पण कथेत कारण सापडलं की घोडी रुग्ण होते. मग वाचकाला तिची कीव येते, राग येत नाही. माणसाला आपण नुसतं तापट असू देतो. शेजारचे काका खेकसतात, त्यांच्या दाढा तपासायला कुणी जात नाही. घोडीला तेवढी मोकळीक का नाही? एकाच आईची दोन शिंगरं, एक शांत, एक तिरसट, हे तुम्हीही पाहिलं असेल.

किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधली (१८९४) शेवटची कथा मला यासाठी आवडते. रावळपिंडीची लष्करी छावणी, पावसाची रात्र, आणि छावणीतली जनावरं एकमेकांशी वाद घालताहेत. उंट उधळलेत आणि त्यांनी सगळ्यांची झोप मोडली आहे. का उधळले? वाईट स्वप्न पडलं म्हणून. बस. त्याच कथेत हत्ती तोफेला भितो, कारण गोळा फुटल्यावर काय होईल ते त्याला डोक्यात आधीच दिसतं. एकाच्या भीतीला अर्थ आहे, दुसऱ्याची निव्वळ उंटाची आहे. लेखकाने दोन्ही शेजारी ठेवल्या आणि उंटाला सुधारायला गेला नाही. (त्या कथेचा शेवट साम्राज्याच्या शिस्तीचं कौतुक करतो, ते मला पटत नाही, पण तो वेगळा विषय.)

वसईकर मी

रख्शवरून आमच्या घरातली गोष्ट आठवली. बायबलातल्या गणना या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात बलामाची गाढवी आहे. वाटेत तलवार उपसून देवदूत उभा. तो गाढवीला दिसतो, बलामाला नाही. आधी ती शेतात शिरते, मार खाते. मग भिंतीला घासून जाते, बलामाचा पाय चेंगरतो, पुन्हा मार. तिसऱ्यांदा वाटच नाही, तेव्हा ती खाली बसते, आणि तिसऱ्यांदा काठी. मग देव तिचं तोंड उघडतो. मी तुझं काय केलं म्हणून तू मला तीनदा मारलंस? आजवर तू माझ्यावरच बसत आलास ना, मी कधी अशी वागले होते का?

माझी आजी हे वाचताना इथे थांबायची. गाढवी बोलली याचं तिला नवल नव्हतं. ‘मी कधी अशी वागले होते का’ हा प्रश्न तिला लागायचा. रोजच्या सोबतीवर आपला एवढाही विश्वास नसतो. रानवाट, मी तुमच्या बाजूने.

ताशीव

गाढवीची गोष्ट सुंदर आहे, पण तिने माझाच मुद्दा पक्का केला.

रख्श थबकतो, तो बरोबर ठरतो. गाढवी वळते, ती बरोबर ठरते. रानवाट, तुमची तक्रार होती की घोडा नायकाचं प्रशस्तिपत्र होतो. तुमची दोन्ही जनावरं नियतीचे निरोपे झाली. अडलं की समजावं पुढे मृत्यू आहे. हेही जनावर नव्हेच! खरी घोडी शंभरदा अडेल, त्यातल्या नव्याण्णव वेळा पुढे एक वाळकं पान असेल. तुमची घोडी ओढ्याशी अडते, पुढे काय दाखवणार आहात? दबा धरून बसलेला शत्रू? मग वश झालेली घोडी त्यापेक्षा बरी, ती निदान फसवत तरी नाही.

रानवाट

हे लागलं. खरं सांगायचं तर मसुद्यात ओढ्यापलीकडे मोगलांची टोळी आहेच. घोडी अडते म्हणून तो वाचतो. लिहिताना मला ती जागा फार आवडली होती. आज पुन्हा वाचली आणि तुमचं म्हणणं नाकारता येईना.

जिंजरचं मला पटतं आणि काळी चार यांचंही पटतं, पण या दोन्हींची सांगड कशी घालायची ते उमगत नव्हतं. मग काल रात्री आपल्याचकडची एक आख्यायिका आठवली, जी आपण सगळे शाळेपासून ऐकतो: मोगलांचे घोडे पाण्याला तोंड लावेनात की स्वार त्यांना विचारत, पाण्यात तुला संताजी-धनाजी दिसतात का? ही आपण नेहमी पराक्रमाची गोष्ट म्हणून सांगतो. मी ती पहिल्यांदाच घोड्याच्या बाजूने बघितली. घोडा पाण्याला बुजला, एवढंच तिथे घडलं. चकाकी असेल, गढूळ असेल, जुनी पागा म्हणतात तसं नाकाखालचं दिसत नसेल. संताजी-धनाजी होते ते स्वाराच्या डोक्यात. भीती माणसाची, आणि तिचं ओझं घोड्यावर.

मला वाटतं माझी जागा इथे आहे. घोडी ओढ्याशी अडेल. पलीकडे कुणी नसेल. कारण मी सांगणार नाही. पण बारगीर पहिल्यांदा त्याला अपशकुन म्हणेल, दुसऱ्यांदा दगा म्हणेल, तिसऱ्यांदा मागे गेलेल्या भावाचा इशारा म्हणेल. घोडी आपली अडेल. वश व्हायची नाही. ताशीव, दोघांत काहीच बदलणार नाही हे तुम्हाला खटकलं होतं. बदलेल तो. शेवटी तो खाली उतरून काही न म्हणता तिच्या शेजारी पाण्यात उभा राहील.

ताशीव

तो खाली उतरणार असेल तर माझा विरोध निम्म्याने कमी. उरलेला निम्मा असा: कूच चालू असताना बारगीर ओढ्यात उभा राहिला तर मागची तुकडी थांबेल, जमादार शिव्या घालेल. तेही लिहा. शांत, सुंदर प्रसंग करू नका.

काळी चार

आणि त्याच क्षणी तिने त्याला चावावं, असं मला मनापासून वाटतं.

जुनी पागा

कारणाचा माझा आग्रह कायम आहे, पण तो आता धरत नाही. एवढंच बघा: घोडी चावण्याआधी कान मागे मानेला चिकटवते, नाकपुडी आवळते, शेपूट झटकते. बुजलेली घोडी तसं करत नाही, तिचे कान पुढे ताठ होतात आणि डोकं वर जातं. पाण्याशी ती अडली तेव्हा कान पुढे असतील. तो शेजारी येऊन उभा राहिला की एक कान त्याच्याकडे वळेल, दुसरा पाण्यावरच राहील. ती चावणार असेल तर मधे हे दोन्ही कान मागे जायला हवेत, आणि बारगिराला ते दिसायला हवं. सहा महिने तिच्याबरोबर काढलेत त्याने, तो हात मागे घेईल की नाही ते तुम्ही ठरवा.