चौरंगाला लाखेचं पॉलिश: रेघा आणि पांढरी झाक, मदत हवी

चिपळूणकरीण: घरच्या सागवानी चौरंगाला चपड्याचं (लाखेच्या पापुद्र्यांचं) पॉलिश करतेय. पाव किलो चपडा अर्धा लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवला, गाळला, ब्रशने लावला. रेघा उठल्या. त्या मोडायला पुन्हा ब्रश फिरवला तर खालचा थर ओढला जाऊन गुठळ्या झाल्या. आज सकाळी बघते तर वरची फळी ताक सांडल्यासारखी पांढुरकी. गणपती 12 दिवसांवर आलेत. बजेट 700, त्यातले 400 संपले.

नवाफ्लॅट: सरळ पीयू (पॉलीयुरेथेन पॉलिश) मारून घ्या. आमच्या डायनिंग टेबलला 18 हजार गेले, पण आरसा आहे आरसा.

रंधा: अर्धा लिटरला पाव किलो? ताई, ती काकवी झाली! पाव किलोला 2 लिटर स्पिरिट घाला. ब्रश ठेवून द्या. जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस गुंडाळून बोळा करा. तळहातावर दाबला तर नुसती ओल लागावी, थेंब गळता कामा नये. या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात, हात परत मागे न्यायचा नाही. बोळा अडखळला तर बोटभर जवसाचं तेल.

शिसवी: पावसात लाख लावूच नये. मी श्रावणात कपाट केलं, दिवाळीपर्यंत पांढरं.

सावंतवाडीकर: लाख बघायची तर आमच्या चितारआळीत या. ब्रश नाही न् बोळा नाही, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरायची, घर्षणाच्या उष्णतेनेच वितळते.

रंधा: चौकोनी फळी लेथवर फिरवणार का, दादा?

सावंतवाडीकर: पाय तर कातीवच असतील ना!

पळसफूल: देशात सगळ्यात जास्त लाख झारखंडात होते. रांचीजवळ नामकुमला 1924 पासून संशोधन संस्था आहे.

चिपळूणकरीण: बरं. पण माझी फळी?

जुनंखोड: पांढरी झाक म्हणजे थरात अडकलेला दमटपणा. स्पिरिटची बाटली उघडी राहिली तरी हवेतलं पाणी ओढते. ऊन पडेल त्या दुपारी नुसत्या स्पिरिटने जेमतेम ओला केलेला बोळा हलकेच फिरवा, झाक जाते. गुठळ्या आधी 320 नंबरच्या सँडपेपरने घासून घ्या. समई पेटलेली असेल त्या खोलीत हे करू नका. आणि भिजवलेला चपडा वर्षभर ठेवू नका, जुना झाला की वाळत नाही. माझ्या पाटावर अजून बोटांचे ठसे आहेत.

नवाफ्लॅट: म्हणूनच म्हणतो पीयू.

शिसवी: पावसात लावूच नये, परत सांगते.

चिपळूणकरीण: सगळ्यांचे आभार. फळी स्पिरिटने पुसून कोरी केली, आता तिला काहीच लावत नाही. वर लाल वस्त्र येणारच आहे. पाय ब्रशनेच केले, पातळ करून. रेघा आहेत, पण त्या खाली वाकून बघणार कोण? उरलेल्या पैशांत वस्त्राला जरीची किनार घेतली.