मदत हवी आहे: युरियाच्या सीझनमध्ये विमानात इंधन किती ठेवता?

नमस्कार मंडळी, एजी फ्लाइंगमधले (विमानातून शेतात खत-औषध टाकणारे) कुणी दादा-ताई इथे असतील तर प्लीज सांगा. मी मूळचा निफाडचा, सध्या अमेरिकेतल्या आर्कन्सॉच्या भातपट्ट्यात एअर ट्रॅक्टर 502 या शेतीच्या विमानावर पहिलाच सीझन. शेतात पाणी सोडायच्या आधीचा युरिया चालू आहे, सगळ्या शेतकऱ्यांना तो आजच हवा असतो, त्यामुळे लोड टाकून यायचं, इंजिन चालूच, खालची पोरं हॉपर (विमानातली खताची टाकी) भरतात, मधेच कधीतरी इंधनाचा पाइप लावतात आणि लगेच परत टेकऑफ.

आमच्याकडे पद्धत अशी की इंधन कमी ठेवा म्हणजे युरिया जास्त बसतो. लो फ्युएलचा लाइट लागला तरी "अजून एक लोड होतो" म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. एफएएचा (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) नियम 91.151 सांगतो की दिवसा व्हीएफआरला (म्हणजे बाहेर नजरेने बघत उडताना), उतरायच्या जागी पोचून वर 30 मिनिटं पुरेल एवढं इंधन असल्याशिवाय निघायचंच नाही. प्रत्येक लोड म्हणजे नवीन टेकऑफ, मग दर लोडला हे लागू झालं ना?

हिशोब करून बघितला. तासाला साधारण 55 गॅलन जातं, म्हणजे अर्ध्या तासाचे 27-28 गॅलन, गॅलनला 6.7 पौंड धरून 185 पौंडांच्या आसपास. एकरी 100 पौंड युरिया पडतोय, म्हणजे अख्खा रिझर्व्ह दोन एकरांच्याही आत बसतो! एवढ्यासाठी 50 फुटांवर, तारांच्या शेजारी टर्नमध्ये इंजिन बंद पडायची रिस्क? लोड डंप केला तरी खाली बांधच बांध.

टाकीचा गेज आणि फ्लोमीटर (इंजिनाकडे गेलेलं इंधन मोजणारा) यांचा आकडाही जुळत नाही, कुठला धरू? आणि मालकाला कसं सांगू?

प्रतिसाद:
बरोबर बोलताय, दर टेकऑफला लागू. मी थ्रशवर (हेही शेतीचंच विमान) बरीच वर्षं काढली. फ्लोमीटरला टाकीतलं काही दिसत नाही हो, तुम्ही भरताना जो आकडा घातलात त्यातून तो फक्त वजा करत जातो. पोरांनी 30 भरले आणि तुम्ही 40 दाबले की 10 गॅलन हवेतले. ट्रकच्या मीटरचा आकडा दर वेळी पाटीवर लिहून दाखवायला लावा, आवाजात ओरडून काही कळत नाही. सकाळी विमान लेव्हल उभं करून टाकी स्वतः मोजा, मग दिवसभर दोन आकड्यांतला जो कमी तो खरा. लाइट हा प्लॅनिंगसाठी नसतोच. किमान गॅलन आधीच ठरवा, त्याच्या खाली टेकऑफ नाही, मग लोड कितीही राहू दे. मालकाला तो दोन एकरांचा हिशोबच कागदावर दाखवा. तुमची स्ट्रिप (धावपट्टी) लेव्हल आहे का?

मूळ धागाकर्ता:
खूप आभार दादा! नाही, ट्रक उभा असतो तिकडे चांगलाच उतार आहे, एका पंखाचा गेज कायम जास्त दाखवतो. उद्या पहिल्या लोडच्या आधी विमान हँगरसमोरच्या काँक्रीटवर घेऊन मोजतो आणि इथे आकडे टाकतो.