वस्तीचा नकाशा आम्हीच काढायलोय, जातीचा रकाना ठेवावा का?

नाल्याकाठचा:
जय भीम, नमस्कार, सलाम सगळ्यांना. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या शहरात राहतो, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढं अर्ज-निवेदनं द्यायचीत. शहराच्या मधून नाला जातो. वरच्या अंगाला नोकरदारांच्या कॉलन्या, खालच्या अंगाला आमची वस्ती आणि आम्हाला लागूनच मुस्लिम मोहल्ला. वर नळाला पाणी पाच दिवसाला येतं, आमच्याकडं नववा-दहावा दिवस उजाडतो आणि ते पण रात्री दीड-दोनला. घंटागाड्या कॉलनीतला कचरा उचलतात आणि आमच्या समाजमंदिरामागच्या मोकळ्या जागेत आणून मोठ्या गाडीत भरतात, अर्धा तिथंच सांडतो. गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी जो मोठा पाऊस झाला त्यात नाल्याचं पाणी खालच्या दोन गल्ल्यांत घुसलं, माझ्या मावशीची वर्षाची ज्वारी भिजली, पोत्यातच मोड आले.

साहेबांकडं गेलो तर म्हणले त्रास सगळ्या शहरालाच आहे, तुमचंच वेगळं काय, पुरावा आणा. हे डोक्यातून जाईना. मग आम्ही आठ जण, त्यात तीन पोरी, असं ठरवलंय की वस्तीचा नकाशा आपणच काढायचा, कुठं पाणी कधी येतं, कचरा कुठं पडतो, नाला कुठं चढतो, संडास किती आणि चालू किती, सगळं त्यावर टाकायचं. आता अडलंय ते असं की मोबाईलवर कशानं करावं हे एक, आणि फॉर्ममध्ये जात-धर्माचा रकाना ठेवावा का हे दुसरं, कारण आमच्यातच दोन तट पडलेत. तिसरं म्हणजे म्हातारी माणसं भ्यायलीत. म्हणतात बाबा, आजवर जेव्हा जेव्हा कुणी वस्ती मोजायला आलं तेव्हा मागून अतिक्रमणाची नोटीस आली. त्यांना काय सांगू? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी लिहा.

लातूरची_ताई:
दादा, ॲप नंतर बघा, आधी भिंतीवरची कॅलेंडरं बघा. आपल्याकडं प्रत्येक घरात बाई कॅलेंडरवर दुधाच्या, गॅस टाकीच्या खुणा करते तशी नळ आल्याची पण करते, कुणी गोल करतं कुणी फुली मारतं. म्हणजे वर्षभराची माहिती तुमच्या वस्तीत आजच पडून आहे. त्या पानांचे फोटो काढा, बाईला विचारून काढा, आणि प्रत्येक गल्लीतून निदान पाच-सहा घरांचे काढा म्हणजे एकीची खूण चुकली तरी दुसरीवरून कळतं.

आम्ही २०१६ चा उन्हाळा बघितलाय. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला टाकीचे दहा डबे, पाच लाख लिटर, सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. स्टेशनापर्यंत आलेलं पाणी सगळ्यांना दिसलं. तिथून पुढं आमच्या गल्लीत कोणत्या दिवशी किती हंडे आले हे माझ्या सासूच्या कॅलेंडरवर होतं, आणि नवीन वर्ष लागल्यावर ते आम्हीच रद्दीत घातलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्ही घालू नका.

अजून एक, फक्त "पाणी येतं का" विचारलं तर हो म्हणतील. किती वाजता आलं, किती वेळ होतं, जागं कोण राहिलं, दुसऱ्या दिवशी कामाला खाडा पडला का, हे विचारा. आणि बैठक संध्याकाळी सातला ठेवू नका, त्यावेळी चूल पेटलेली असते आणि बोलायला फक्त गडी माणसं येतात. दुपारी दोन ते चार ठेवा.

भूगोलवाला_पोरगा:
मी भूगोलात एमए केलंय, ह्या विषयावर थोडं वाचलंय म्हणून लिहितो, लांब होईल सांभाळून घ्या.

तुम्ही म्हणताय "वस्तीचा नकाशा". माझं म्हणणं आहे नुसत्या वस्तीचा काढूच नका, नाल्याच्या दोन्ही अंगांचा काढा. फक्त खालचा काढला तर तो तक्रार-अर्जच होतो आणि साहेब पुन्हा तेच म्हणणार की सगळीकडंच आहे. वरच्या कॉलनीत पाच दिवस आणि खाली दहा दिवस हे एकाच कागदावर आलं की मग "तुमचंच वेगळं काय" ह्याचं उत्तर तुम्हाला बोलून द्यावं लागत नाही.

अमेरिकेत काळ्या लोकांनी हेच केलं. १९७९ साली ह्यूस्टन शहरात एका काळ्यांच्या वस्तीजवळ कचरा डेपो आणायला लागले, लोक कोर्टात गेले. त्यांची वकील होती लिंडा मॅककीव्हर बुलार्ड, तिनं नवऱ्याला म्हणजे रॉबर्ट बुलार्ड ह्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकाला सांगितलं की शहरातले सगळे डेपो कुठंकुठं आहेत ते शोधून दे. त्यानं विद्यार्थ्यांना घेऊन जुने कागद धुंडाळले आणि एकेक जागा नकाशावर मांडली. निघालं काय, तर शहराच्या मालकीचे पाचच्या पाच डेपो काळ्यांच्या वस्तीत, आणि शहरात काळे लोक होते साधारण चौथा हिस्सा. केस मात्र ते हरले, कारण कोर्टाला मुद्दाम केल्याचा पुरावा पाहिजे होता. पण त्या नकाशाचा पुढं पर्यावरणीय न्यायाच्या, म्हणजे घाण-प्रदूषण गरिबांच्याच दारात का ह्या, चळवळीला मोठा आधार झाला. आपण ह्यातून एवढं घ्यावं की "तुम्ही मुद्दाम केलं" हे सिद्ध करायच्या भानगडीत पडू नये. फरक दाखवायचा आणि तो कधीपर्यंत मिटवता हे विचारायचं.

त्याच्या उलट पण झालंय, म्हणजे तुमच्या म्हाताऱ्या माणसांची भीती खोटी नाही. तिथं १९३० च्या दशकात सरकारी संस्थेनंच दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे केले आणि जिथं काळे लोक राहत त्या भागांना लाल रंग दिला, कर्ज द्यायला धोक्याचे म्हणून. घरासाठी पैसा मिळेना, वस्त्या खचत गेल्या. २०२० मध्ये १०८ शहरांचा अभ्यास आला, त्यातल्या बहुतेक शहरांत ते जुने लाल भाग आजही उन्हाळ्यात जास्त तापतात, सरासरी अडीच अंशाच्या वर, कारण झाडं कमी आणि डांबर-सिमेंट जास्त. नव्वद वर्षांपूर्वीचा रंग अजून अंगाला चटके देतोय. म्हणून नकाशा कुणाच्या हातात आहे हे आधी ठरवा.

जातीच्या रकान्याबद्दल माझं मत, ठेवा. घरागणिक नको, गल्लीगणिक ठेवा. आपल्याकडं अन्याय होतो तो गल्ली बघूनच होतो, आणि तेच लिहिलं नाही तर नकाशात फक्त "सखल भाग" दिसेल.

मोहल्ल्यातला_नांदेड:
भूगोलवाल्या भावाचं बाकी सगळं पटलं, रकान्याचं नाही. आमच्याकडं दारावर कुणी कागद घेऊन आलं आणि धर्म विचारला की लोक दार लावून घेतात, मागच्या काही वर्षांत तर जास्तच. एकदा विचारलं की पाण्याची माहिती पण मिळणार नाही. मोहल्ल्याचं नाव लिहिलं की कळणाऱ्याला कळतंच ना कोण राहतं, मग वेगळं लिहून घेण्याची जोखीम कशाला. आणि मोहल्ल्यातली माहिती मोहल्ल्यातल्याच पोरापोरींनी गोळा करू द्या, तुमच्या आठात तिथलं कुणी आहे का? नसेल तर पहिले ते करा, नंतर नकाशा.

निवृत्त_ओव्हरसियर:
मी पाणीपुरवठ्याच्या कामावर तीस वर्षं काढली, त्यामुळे थोडं कामाचं सांगतो. साहेबांसमोर तुमचा नकाशा टिकायचा असेल तर साहेब काय म्हणून पळवाट काढणार हे आधी ओळखा. ते म्हणणार तुम्ही टेल एंडला म्हणजे पाईपलाईनच्या शेवटच्या टोकाला आहात, उताराचा प्रश्न आहे, वरचे लोक मोटारी लावतात. हे कधी कधी खरं पण असतं. म्हणून मोजून ठेवा.

पंधरा लिटरची बादली घ्या आणि भरायला किती सेकंद लागतात बघा, वरच्या कॉलनीत पण आणि खाली पण, पाणी सुटल्यावर दहा मिनिटांनी एकदा आणि अर्ध्या तासानं एकदा. उतार मोजायला मशीन लागत नाही, गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाईप असते ती पाणी भरून दोघांनी दोन टोकांना धरायची, कोणती गल्ली किती खाली आहे ते इंचात कळतं. खालची गल्ली असून पण नळाला धार बारीक येत असेल तर मग उताराचं कारण चालत नाही, मग बहुतेक पाईप बारीक असतो नाहीतर व्हॉल्व पुरता उघडत नाहीत. व्हॉल्व किती आटे उघडतो आणि किती वाजता उघडतो हे व्हॉल्वमनला माहीत असतं. त्याच्याशी भांडू नका, तो पण बहुतेक ठिकाणी कंत्राटावर असतो, चहा पाजून नीट विचारा, सांगतो.

नाल्याचं पाणी कुठपर्यंत चढलं त्याचा डाग भिंतीवर असतो, ओट्यापासून टेपनं मोजा आणि टेप धरलेला फोटो काढा. पुढच्या पावसात तर लगेच खडूनं रेघ मारून ठेवा.

पाणी गढूळ येत असेल तर क्लोरीन तपासायचं साधं किट मिळतं, नळाच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलेलं असावं असं मानक आहे. शेवटच्या गल्लीत शून्य दाखवलं तर तारीख, वेळ लिहून ठेवा आणि त्याच दिवशी कळवा, ते थांबण्यासारखं काम नाही.

मोबाईलसाठी कोबो टूलबॉक्स घ्या, माहिती भरायच्या फॉर्मचं ॲप आहे, फुकट आहे, प्रश्न मराठीत टाकता येतात, रेंज नसली तरी फॉर्म भरतो आणि नंतर पाठवतो. गल्ल्या-नाला आखायला ओपनस्ट्रीटमॅप, तो लोकांनीच मिळून काढलेला इंटरनेटवरचा नकाशा आहे. अरुंद गल्लीत पत्र्याच्या घरांमधे मोबाईलचं लोकेशन दहा-वीस मीटर सहज इकडंतिकडं जातं, म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका, उपग्रहाच्या चित्रावर बोट ठेवून जागा लावा. खासगी माणसानं नकाशा काढला तर परवानगी लागते का असं कुणी दरडावलं तर सांगा, फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं ते नियम सैल केलेत.

भूगोलवाला_पोरगा:
काकांच्या शेवटच्या मुद्द्यात एक भर, ओपनस्ट्रीटमॅपवर जे टाकाल ते सगळ्या जगाला दिसतं आणि कुणीही वापरू शकतं. म्हणून तिथं फक्त गल्ली, नाला, हापसा, सार्वजनिक संडास, अंगणवाडी एवढंच टाका. घरागणिक माहिती, कुणाकडं कागद आहेत कुणाकडं नाहीत, गुंठेवारीचं काय झालं, हे तिथंच काय, फॉर्ममध्येसुद्धा विचारू नका. जी माहिती गोळाच केली नाही ती कुणी हिसकावून घेऊ शकत नाही. नैरोबीच्या किबेरा वस्तीत २००९ मध्ये तिथल्या पोरांनी असाच नकाशा काढला, तोवर एवढी मोठी वस्ती नकाशावर जवळजवळ कोरी होती. त्यांनी सुरुवात सार्वजनिक गोष्टींपासूनच केली, पाणी, संडास, दवाखाने, शाळा.

मोहल्ल्यातल्या भावाचं दार लावून घ्यायचं म्हणणं मान्य आहे, ते मला सुचलं नव्हतं.

लातूरची_ताई:
माहितीचा अधिकार कुणी लिहिलाच नाही. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला तीस दिवस. टँकरचं लॉगबुक, घंटागाडीचा रूट, व्हॉल्वचं वेळापत्रक आणि दलित वस्ती सुधारच्या निधीतून तुमच्या प्रभागात मागच्या पाच वर्षांत झालेली कामं मागवा. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातीवरची नावं बदलायचा निर्णय घेतला, चांगलं झालं, पण जुन्या फायलींत जुनंच नाव असतं. नव्या नावानं मागितलं तर "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येऊ शकतं, आम्हाला आलं होतं. अर्जात जुनं नवं दोन्ही नाव घाला, जुनं लिहिताना हात थांबतो तरी घाला. आणि त्या कायद्यात नुसते कागद नाहीत, चालू कामाची पाहणी करायचा आणि मालाचा प्रमाणित नमुना घ्यायचा पण हक्क आहे. गटाराचं सिमेंट बघायला जाता येतं.

नाल्याकाठचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी दोनला बैठक घेतली, ताई म्हणल्या तशी. पंचवीस-तीस बाया आल्या, एवढ्या कधीच आल्या नव्हत्या. अकरा कॅलेंडरं निघाली, एकीनं तर मागच्या तीन वर्षांची ट्रंकेत ठेवली होती, कशाला ठेवलीस विचारलं तर म्हणली लेकीच्या जन्माची वेळ त्यावर लिहिलीय म्हणून.

मोहल्ल्यातलं आमच्यात कुणीच नव्हतं, हे वाचून शरम वाटली. तिथल्या मशिदीजवळच्या किराणावाल्या चाचांना भेटलो, त्यांची नात बीएस्सीला आहे, ती आणि तिची मैत्रीण येणार म्हणतायत. आता दहा झालो.

रकान्यावर दीड तास बोलणं झालं. माझी आजी म्हणली, जात लपवून आजवर काय पदरात पडलं, लिहा. दुसऱ्या बाजूला मावशी म्हणली, लिहिल्यावर तरी काय पडणार. शेवटी एवढं ठरलं की दारावर कुणाला विचारायचं नाही, नकाशावर वस्तीचं आणि मोहल्ल्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहायचं, आणि निवेदनात पहिल्याच ओळीत लिहायचं की इथं कोण लोक राहतात. आजीला पूर्ण पटलेलं नाही.

नोटिशीच्या भीतीचं असं केलं की घरं नकाशावर येणारच नाहीत, फक्त गल्ल्या. मूळ कागद समाजमंदिराच्या कपाटात, किल्ल्या दोन बायांकडं, आणि बैठकीत विचारल्याशिवाय कुणाला प्रत द्यायची नाही, नगरसेवक असो का पत्रकार.

एक अडचण राहिलीय. वरच्या कॉलनीत बादली घेऊन कोण जाणार? आम्ही गेलो तर वॉचमन गेटवरच अडवतो.

निवृत्त_ओव्हरसियर:
तुमच्या वस्तीतल्या किती बाया त्या कॉलनीत धुणीभांडी करायला जातात? रोज त्याच नळाखाली हात असतो त्यांचा. पण नोकरी जाईल असं काही करायला लावू नका, मालकिणीला सांगूनच करू द्या. नाहीतर तुमच्याच शाळेतल्या एखाद्या शिक्षकाचं घर तिकडं असेल, त्यांना म्हणा सर, एक बादली मोजून द्या. बहुतेक देतात. पाणी सुटायच्या दिवशी मला इथं कळवा, सेकंद कसे लिहायचे त्याचा तक्ता करून टाकतो.