पैठणीच्या फोटोंसाठी पहिला डीएसएलआर: डी३५०० की २००डी?

येवलेकरीण:
नमस्कार मंडळी. येवल्यात आमचे चार माग आहेत. विणकाम सासरे आणि दीर बघतात, फोटो आणि व्हॉट्सॲपवरची विक्री माझ्याकडे. आजवर मोबाईलवर भागलं, पण मोबाईल रंग आपल्या मनाने 'सुधारतो'. वांगी रंग निळा दाखवतो, राणी चक्क लाल. धूपछावचं तर विचारूच नका. ताणा हिरवा नि बाणा जांभळा असला की तो पार गोंधळतो. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका ताईंनी साडी परत पाठवली. म्हणे, फोटोत मोरपंखी होती, ही तर बाटलीहिरवी. आता भांडणार कशी? त्यांच्याकडचा पुरावा म्हणजे माझाच फोटो!

बजेट ४० हजार, त्यात स्टँडसकट सगळं. म्हणजे जुनाच घ्यायचा. दोन बघून आले. निकॉन डी३५०० चे २६ हजार सांगितले, कॅनन २००डी चे ३०. दोन्हींबरोबर १८-५५ लेन्स. जो तो म्हणतो, इमेज क्वालिटी निकॉनची, लाइव्ह व्ह्यू (म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत फोटो काढणं) कॅननचा.

माझी पद्धत अशी: पदर गादीवर अंथरायचा आणि मोबाईल वर आडव्या दांडीला, तोंड सरळ खाली करून बांधायचा. कॅमेराही तसाच टांगणार. व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा तर मला छताला पालीसारखं चिकटावं लागेल. लाइव्ह व्ह्यूसाठी चार हजार जास्त मोजू का?

सह्यवेडा:
ताई, डीएसएलआरचे दिवस गेले. थोडं थांबा, पैसे साठवा, मिररलेस (बिनआरशाचा कॅमेरा) घ्या. त्यात कायम लाइव्ह व्ह्यूच असतो.

जुनी_भिंगं:
सह्यवेडा, दिवाळी तोंडावर आहे, त्या थांबतील कशाला? आणि मिररलेस म्हटलं की सगळं आलंच असं नाही. कॅनन आर१०० चा स्क्रीन हलतही नाही नि त्याला टचही नाही.

ताई, आधी क्वालिटीचं. दोन्ही कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे, फोटो ६००० बाय ४०००. साडीचा पन्ना साधारण ११५ सेंमी धरला, तर दर मिलिमीटरला पाच पिक्सेल. दोघांतही तेवढेच. सगळ्यात कमी आयएसओला निकॉनची डायनॅमिक रेंज (गडद नि उजळ एकाच फोटोत टिपायची ताकद) थोडी सरस आहे, हे खरं. सोनेरी जर पांढरीफट्ट पडते तिथे ती उपयोगी पडली असती, पण तुम्ही उजेड स्वतः ठरवता. खिडकीला पातळ पांढरं कापड लावलंत की तो फरक बराचसा बुजतो.

तुमच्या कामात दुसरीच गोष्ट आडवी येऊ शकते. डी३५०० मध्ये लो-पास फिल्टर (सेन्सरवरचा, बारीक तपशील किंचित मऊ करणारा थर) नाही, २००डी मध्ये आहे. फिल्टर नसला की फोटो किंचित कुरकुरीत येतो आणि डोंगरदऱ्या टिपणाऱ्याला ते आवडतं. पण बारीक विणीचं कापड समोर आलं, की धाग्यांच्या ओळी नि पिक्सेलच्या ओळी एकमेकींवर चढून पाण्यावरच्या तरंगांसारखे पट्टे उमटू शकतात. त्याला म्वारे म्हणतात. फिल्टर असला तरी तो कधीमधी येतोच, पण कमी. आला तर कॅमेरा चार बोटं वरखाली करायचा, नाहीतर एफ/१६ लावायचा, म्हणजे लेन्सचं भोक बारीक करायचं. आणि घाबरण्याआधी फोटो शंभर टक्के मोठा करून बघा, बऱ्याचदा तो नुसता छोट्या स्क्रीनचा खेळ असतो.

आता लाइव्ह व्ह्यू. डीएसएलआरचे फोकसचे सेन्सर आरशाखाली तळाशी असतात. लाइव्ह व्ह्यू लावला की आरसा वर जातो आणि त्यांना उजेडच मिळत नाही. मग डी३५०० मुख्य सेन्सरवरच पुढेमागे चाचपडत फोकस शोधतो. कॅननने २०१३ साली ७०डी मध्ये एकेका पिक्सेलचे दोन भाग करून सेन्सरलाच ते काम शिकवलं, ड्युअल पिक्सेल म्हणतात ते. २००डी मध्ये ते आहे.

काटकसर:
भिंगंदादा, माहिती झकास, पण साडी काय पळून जाणार आहे का? चाचपडत का होईना, दोन सेकंदांत फोकस लागतो आणि लागतो तेव्हा अगदी अचूक लागतो. ताईंनी त्यासाठी चार हजार का घालवावेत? मी तर म्हणेन कॅनन १५००डी बघा, आणखी स्वस्त पडेल. केबलने लॅपटॉपला जोडा. कॅननचं ईओएस युटिलिटी फुकट मिळतं, त्यात लाइव्ह व्ह्यू लॅपटॉपवर दिसतो. मी जुन्या पोथ्यांचे फोटो असेच काढतो.

जुनी_भिंगं:
मान्य. स्थिर वस्तूला फोकसचा वेग दुय्यम, हे मीच आधी लिहायला हवं होतं. ताई, लॅपटॉप आहे का? आणि व्हिडिओ काढता का?

येवलेकरीण:
लॅपटॉप आहे, पण तो दिराकडे हिशेबाला. व्हिडिओ तर रोजच लागतात! धूपछाव फोटोत दिसतच नाही, पदर हातात घेऊन हलवावा लागतो. गिऱ्हाईकही म्हणतं, ताई जरा हलवून दाखवा.

काटकसर:
मग मी माझे शब्द मागे घेतो. व्हिडिओत ते चाचपडणं फार खुपतं. २००डी.

जुनी_भिंगं:
हो, आणि त्याचा स्क्रीन बाहेर येऊन फिरतो. डी३५०० चा पाठीला पक्का. कॅमेरा खाली तोंड करून टांगला की पक्क्या स्क्रीनचं तोंड छताकडे, म्हणजे तुम्ही स्टुलावर. २००डी चा स्क्रीन उलटा फिरवला की गादीजवळ बसून दिसतो. वायफायही आहे, मोबाईलवर चित्र बघत तिथूनच बटण दाबा. डी३५०० मध्ये फक्त ब्लूटूथ, त्यावर बटण दाबता येतं पण चित्र दिसत नाही.

५० मिमीची प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्या असं कुणीतरी सांगेलच. एवढ्यात नको. अख्खा पन्ना मावायला ५० ला साडेआठ फूट उंची लागेल. १८-५५ ला ३५ वर ठेवलं तर सहा फुटांत काम होतं. अगदी १८ वर नेऊ नका, काठ धनुष्यासारखा वाकतो.

आणि तुमचं मूळ दुखणं रंगाचं. ते कुठलाच कॅमेरा आपोआप बरं करणार नाही. खोलीतल्या ट्यूबा बंद करा, खिडकीचा नि ट्यूबचा उजेड मिसळला की संपलं. ग्रे कार्ड (करड्या रंगाचा पुठ्ठा) पदरावर ठेवून एक फोटो काढा, त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स लावा, म्हणजे त्या उजेडाचा रंग कॅमेऱ्याला कळतो. ऊन बदललं की पुन्हा. रात्री एलईडीवरच काढायचं असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर पट्टे येतील.

घ्यायला जाताना एफ/२२ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ लगेच दिसते. कॅननच्या फोटोच्या माहितीत शटर किती वेळा पडलं (म्हणजे कॅमेरा किती वापरलाय) ते नसतं, तेव्हा विकणाऱ्याच्या नुसत्या शब्दावर जाऊ नका.

येवलेकरीण:
मंडळी, घेतला. २००डी, घासाघीस करून साडेअठ्ठावीस हजारांत. जाताना पिशवीत एक पदर नेला होता, दुकानातल्या टेबलावरच अंथरला. स्क्रीनवर तरंग दिसले तेव्हा पोटात गोळा आला, पण मोठं करून बघितलं तर गायब. भिंतीच्या फोटोत दोन ठिपके होते, ते त्याने समोरच साफ करून दिले.

काल नारळी काठाची साडी लावली होती. लाइव्ह व्ह्यूत दहापट मोठं करून फोकस बघत होते, तेवढ्यात सासरे चहा घेऊन आले. वाकून स्क्रीनकडे बघितलं, चष्मा वर केला, परत बघितलं. म्हणाले, "मोराच्या मानेत एक धागा चुकलाय. तिसऱ्या मागावरची ना ही?"

तिसऱ्या मागावर दीर बसतात. आता ते कॅमेऱ्याला घरात घेऊ देत नाहीयेत.