मदत हवी आहे: वाड्याच्या खांबांना ट्रायकोडर्माचा अर्क लावलाय का कुणी?

नमस्कार मंडळी. पंचवटीत आमचा पणजोबांच्या वेळचा वाडा आहे. 2019 च्या पुरात गोदेचं पाणी ओसरीत शिरलं, तेव्हापासून सागवानी खांब तळाशी कुजताहेत. वाळवी नाही, बुरशीच आहे. गाभा अजून टणक आहे, बाहेरचं पांढरं लाकूड मात्र बोटाने निघतं.

द्राक्षबागेत आपण ट्रायकोडर्मा वापरतोच. ती बुरशी दुसऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिका विरघळवणारी विकरं (एन्झाइम) सोडते. तिचा गाळलेला अर्क लाकूड कुजवणाऱ्या बुरशीलाही रोखतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. बागेतली भुकटी म्हणजे जिवंत बीजाणू, तो अर्क नव्हे.

कुणी प्रत्यक्ष खांबाला लावलाय का? पावसाळ्यात टिकतो का? लाकडातली ओल 20 टक्क्यांखाली आणायचं काम चालू आहे. घरात लहान मुलं आहेत, म्हणून क्रिओसोट (लाकूड टिकवायला लावतात ते विषारी डांबरी तेल) नको. हे खांब वाचवायचेच आहेत.